खांदेकरी पाहिजेत

आधी हातातले कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगताना एका गृहस्थांच्या नाकातून चहा आला आणि दोष माझ्यावर आला. तसा दोष माझाच आहे म्हणा. माझ्या हातून चुका काय थोड्या झाल्या? पण भर बाजारात, हार घालून घेण्यापर्यंत गेलेली ही एकच.

मी तोफखान्यातला हवालदार क्लार्क, गायधनी. चोवीस वर्षं नोकरी केली, एकही गोळा उडवला नाही, पण उडवलेल्या प्रत्येक गोळ्याची नोंद केली. निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात घर केलं आणि तिथल्या माजी सैनिकांच्या संघाचा चिटणीस झालो. अध्यक्ष सुभेदार पाळदे साहेब. माझ्याच रेजिमेंटचे. वय चौऱ्याहत्तर, वजन शंभराच्या आसपास आणि आवाज असा की भगूरला दळण दळणारा माणूससुद्धा थांबेल.

पोरासोरांच्या हातात मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. आमच्या संघात सर्वांत तरुण सभासद मी. एकसष्ट वर्षांचा.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यांचा संघ, त्यात बिघडलं काय? काही नाही. फक्त बोराडे वारले.

बोराडे आमचे जुने सभासद. आपल्याकडे अंत्ययात्रेत विसावा एकदाच असतो. तिरडी खाली ठेवायची, खांदे बदलायचे आणि पुढे निघायचं. आम्ही पाच विसावे घेतले. पाचव्याला तर खांदेकऱ्यांपैकी दोघं बोराडेंच्या शेजारीच आडवे झाले. शेवटी बोराडेंचा जावई हळूच म्हणाला, "काका, टेम्पो सांगू का?"

फौजी माणूस टेम्पोतून जाणार? पाळदे साहेबांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"गायधनी, बोराडे पंचावन्न किलोचा होता."

"हो साहेब."

"मी किती किलोचा आहे?"

वरिष्ठांचं वजन सांगायची पद्धत नाही.

"चाळीसच्या आतले माजी सैनिक आण. चार तरी आण. मला टेम्पोतून जायचं नाही, गायधनी." एवढं बोलून ते भिंतीकडे बघत बसले. मी त्यांना युद्धावरून परत येताना पाहिलंय, पण असा चेहरा तेव्हाही नव्हता. मला वाईट वाटलं. मी शब्द दिला.

शब्द देणं सोपं हो! तरुण माजी सैनिक सापडायला नको? पस्तिशीत सुटून आलेली ही माणसं कुठे तरी नोकरीला चिकटतात आणि संघाचा चिटणीस दिसला की गल्ली बदलतात. सोनवणे नावाचा एक नायक होता, मूळचा नामपूरचा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सुरक्षारक्षक. त्याला मी सहा वेळा गाठलं. सहाही वेळा "येतो साहेब रविवारी" म्हणाला. सातव्या वेळी मी त्याचा रस्ताच अडवला.

"साहेब, खरं सांगू? तुमच्याकडं येऊन करायचं काय शे? चहा प्यायचा आन् एकाहत्तरची लढाई ऐकायची. मागं एकदा आलो, तर मला खुर्च्या लावायला लावल्या. सुभेदार साहेब बसले, हवालदार साहेब बसले, नायक उभाच! तेच करायचं तं मी सुटून आलो कशाला?"

"मग तुला काय पाहिजे?"

"काहीतरी हातपाय हलवायचं काढा ना!"

मला मुद्दा पटला. हातपाय हलवायचं म्हणजे धावणं. मी ठरवलं, तरुण माजी सैनिकांसाठी धावण्याची शर्यत ठेवायची, आले की तिथेच सभासद करून घ्यायचे. आणि मी जाहिरात लिहायला बसलो.

इथेच घात झाला. मी आयुष्यभर हुकूम लिहिलेले. निमंत्रण कसं लिहितात मला ठाऊकच नाही. घरच्या सत्यनारायणाच्या चिठ्ठीतसुद्धा मी "वेळेवर हजर राहावे" लिहिलं होतं आणि माझे मेहुणे आलेच नाहीत. तर मी लिहिलं:

"रविवारी सकाळी ठीक सहा वाजता देवळाली कॅम्प येथील मैदानावर हजर राहावे. वय चाळीसच्या आत. मूळ कागदपत्रे व दोन फोटो सोबत आणावेत. धावण्याची चाचणी होईल. उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही. हुकुमावरून, चिटणीस."

आता सांगा, यात काय राहिलं? बरोब्बर. माजी सैनिक हा शब्दच नाही. छापखानेवाल्यानं विचारलंही, "काका, हे कुणासाठी आहे ते लिहायचं का?" मी म्हणालो, "ज्याच्यासाठी आहे त्याला कळतं." चोवीस वर्षं क्लार्की केलेला माणूस मजकुरात एक शब्द जास्त घालत नाही, याचा मला अभिमान होता. पाचशे पत्रकं छापली आणि एसटीच्या कंडक्टरांच्या हाती चहूकडे धाडली.

रविवारी पावणेसहाला मी मैदानावर गेलो. डोक्यावर बेरे टोपी, काखेत सभासदांचं रजिस्टर.

मैदानावर दोनशे पोरं उभी.

अर्ध्या चड्ड्या, अनवाणी पाय, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दहावीची मार्कलिस्ट. कुणी सुरगाण्याचा, कुणी पेठचा, कुणी सटाण्याकडून कांद्याच्या ट्रकवर बसून आलेला. सगळी मिसरूड फुटलेली पोरं. सैन्यात घेतायत असं समजून आली होती! कॅम्पातलं मैदान, सकाळी सहा, कागदपत्रं, फोटो आणि धावणं. खेड्यातल्या पोराला आणखी काय वाटणार?

खरं सांगावं म्हणून मी नोंदणीसाठी मांडलेल्या टेबलावर चढलो, तर मला बघून दोनशे पोरं आपोआप ताठ झाली. आणि काय सांगू, दोनशे माणसं आपल्यासमोर ताठ उभी राहिली की हवालदाराचं काळीज विरघळतं. मी म्हणालो, "आधी तीन रांगा करा. उंचीप्रमाणे."

रांगा होतायत तेवढ्यात पाळदे साहेब आले. पोरं बघून जागच्या जागी थांबले.

"गायधनी... एवढे?"

"साहेब, ते जरा..."

"मी चार मागितले होते रे." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका पोराचा खांदा दाबून पाहिला, बाजारात दुधी निवडावा तसा. मग टेबलाशी उभं राहून ते पोरांना म्हणाले, "जवानांनो, आता मी कधीही जायला मोकळा!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साहेबांची बदली झाली. साहेब रुमालानं डोळे पुसत रक्तदाबाची गोळी घ्यायला घरी गेले. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तुम्ही त्यांचा चेहरा पाहिला नाहीत.

पोरांना मात्र सांगितलं. अगदी हात जोडून सांगितलं, की बाबांनो, ही सैन्याची निवड नाही, हा म्हाताऱ्यांचा संघ आहे, चूक माझी आहे. मला वाटलं, आता मार खाणार. एक सुरगाण्याचा उंच पोरगा पुढे आला.

"मंग आता पळायचं का नाय?"

"अरे, पळून उपयोग नाही."

"रातभर आलोय साहेब. पळून तरी जाऊ!"

पळाली बिचारी. पाच पाच फेऱ्या पळाली. मी घड्याळ लावून वेळ लिहून घेतली, सभासदांच्याच रजिस्टरात. संपल्यावर तोच उंच पोरगा म्हणाला, "साहेब, तुमच्या टायमाला कसं पळायचे? दाखवा ना!"

शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. मी टोपी हातात घेतली आणि पळालो. दहा पावलं बरी पडली. अकरावं खड्ड्यात पडलं. घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे तोफखाना उडाला.

"रिक्षा बोलवा," मी कण्हत म्हणालो.

"रिक्षा कशाला? आम्ही हाय ना!" सकाळपासून ताकद दाखवायला आलेली पोरं ती. चहावाल्याची बाज उचलली, त्यावर मला निजवलं आणि चौघांनी बाज खांद्यावर घेतली. बाकीची मागून.

माझं घर बाजाराच्या पलीकडे. आणि बाजारात मला कोण ओळखत नाही? उन्हंही वर आली होती आणि लाजही वाटत होती. म्हणून मी गळ्यातला टॉवेल तोंडावर ओढून घेतला. टोपी छातीवर ठेवली. पोरं आरडाओरडा करत होती, तर म्हणालो, "गप्प चला रे. तमाशा नको. पावलाला पाऊल मिळवून, हळू."

ऐकलं हो त्यांनी! एक शब्द नाही. दोनशे पोरं खाली मान घालून, हळू.

टॉवेलच्या आत मला आधी काही कळलं नाही. मग एक शटर खाली आल्याचा आवाज आला. मग दुसरं. कुणीतरी म्हणालं, "अरेरे! परवाच तर भेटले होते." मला वाटलं, खरंच कोणीतरी गेलेलं दिसतंय. आपण घरी पोचलो की चौकशी करू.

मग हिराबाईचा आवाज आला. हिराबाई आमची नेहमीची फुलवाली. संघातल्या प्रत्येकाच्या शेवटच्या हाराची ऑर्डर तिच्याकडेच. "गायधनीदादाऽऽ!" तिनं टाहो फोडला आणि झेंडूचा ओला हार माझ्या छातीवर पडला. "लय चांगला मानूस व्हता वं! फक्त बोलायचा लय."

तेव्हा मला कळलं, कोण गेलंय ते.

आता उठून बसायला पाहिजे होतं, नाही का? मलाही तसंच वाटलं. पण विचार करा, भर बाजारात हार घालून उठून बसायचं म्हणजे जन्मभराचं हसं. आणि घर दोनशे पावलांवर आलेलं. म्हटलं, एवढी दोनशे पावलं मेलेलंच बरं.

पण वाटेत, बाजाराच्या टोकाला, पाळदे साहेबांचं घर लागतं. साहेब गोळी घेऊन ओट्यावर उभे होते. दोन-तीन तासांपूर्वी जिवंत सोडलेला आपला क्लार्क खांद्यावरून येताना दिसला. छातीवर टोपी, वर हार. पोरांना काही विचारायचं सोडून साहेब ओट्यावरच ताठ झाले आणि त्यांनी तो आवाज काढला.

"परेऽऽड... सावधान!"

मी चोवीस वर्षं तो आवाज ऐकलाय. त्यापुढे माझं काही चालत नाही. बाजेवर पडल्या पडल्या माझ्या दोन्ही टाचा खाडकन जुळल्या. मुरगळलेल्यासकट!

"आई गंऽऽ!" म्हणून मी उठून बसलो. पाटी घेऊन रडत मागून आलेली हिराबाई किंचाळून झेंडूच्या पाटीत बसली. आणि बाज धरलेली ती चार पोरं, सैन्यात जायची स्वप्नं बघणारी, त्यांनीही हुकूम पाळला. चौघांचे हात खाली, मांड्यांशी! बाज कलली. मी घसरायला लागलो.

पण त्या आवाजानं बाजारात आणखी चार माणसं दगडासारखी उभी राहिली होती. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या गालाला साबण लावलेला एक. सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा एक. तराजूत वांगी घालणारा एक. आणि पिशवी घेतलेला आमचा सोनवणे! दोन वर्षं मी ज्यांना हुडकत होतो ते चाळीसच्या आतले चार फौजी एका हुकमात सापडले. मी पडतोय म्हटल्यावर चौघं धावले, पोरांना बाजूला सारून त्यांनी बाजेखाली खांदे दिले आणि मी वाचलो.

साहेब ओट्यावरून उतरले. माझ्याकडे पाहिलं, खालच्या चौघांकडे पाहिलं.

"गायधनी, हे कोण?"

"साहेब, हे आपले. मैदानावरची पोरं आपली नव्हती. चूक झाली."

साहेब म्हणाले, "खांद्यांची सोय मी माझ्यासाठी सांगितली होती. तू सीनियॉरिटी तोडलीस."

मी बाजेवर बसल्या जागी ताठ झालो. "सॉरी, साहेब."

चौघांच्या सह्या तिथेच, बाज खाली ठेवायच्या आधी घेतल्या. सोनवणे म्हणाला, "या पोरांना दर रविवारी पळवायचं असंल तं येतो मी. फक्त एकाहत्तर नको." तसा तो येत राहिला, पोरं येत राहिली आणि पोरांना शिकवायला म्हणून आणखी तरुण फौजी आले. त्यातली बरीच पोरं पुढे खरोखर सैन्यात गेली. तो सुरगाण्याचा उंच पोरगाही गेला.

पाळदे साहेब त्यानंतर नऊ वर्षं जगले. गेले तेव्हा वजन होतं तेवढंच होतं. सोनवणे आणि ते तिघं खांद्याला होते, आणि सुट्टीवर आलेला तो उंच पोरगाही आळीपाळीनं. टेम्पो नाही. विसावा एकच. मी मागून चालत होतो आणि रडत होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या सकाळी हाराची ऑर्डर द्यायला मीच हिराबाईकडे गेलो होतो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"दादा, साहेब नक्की गेले ना?"

"नक्की गं."

तिनं मोठा हार ओवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमचा मात्र मी एकदा घातलेला हाय. परत मिळायचा नाय."