मी टाइप केलेला चुलतभाऊ

कोर्टाबाहेर टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. सावत्र आई, दत्तक मुलगा, मयताची कायदेशीर पत्नी, रत्नागिरीतली कितीतरी नाती माझ्या बोटांखालून गेली. म्हणूनच आम्हा दोघांसाठी भाड्याने खोल्या घेताना घरमालकाने "हे तुमचे कोण?" असं विचारलं, तेव्हा मी करारात बेधडक टाइप केलं: चुलतभाऊ.

तो बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. करार वाचून म्हणाला, "भाऊ कशाला करतोस रे मला?"

"गप बस. खोली मिळतेय ना?"

त्या खोल्यांत आम्ही सोळा वर्षं संसार केला. आम्ही गुन्हेगार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, त्या दिवशी त्याने अख्खी सुरमई आणली. पुढे आमच्यासारख्यांच्या लग्नाचा निकाल आला. लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. मी मोबाइलवर वाचून दाखवलं. मासे साफ करता करता तो म्हणाला, "म्हणजे राहा एकत्र, पण कोण म्हणून ते विचारू नका. असंच ना?" जगण्याच्या हक्काचं एकविसावं कलम मी लोकांच्या अर्जांत इतक्यांदा टाइप केलंय की डोळे मिटूनही चुकणार नाही.

गेल्या वर्षी त्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यात मी चुलतभाऊ म्हणून सह्या केल्या, पुरावा म्हणून तोच करार दाखवला. तिसऱ्या दिवशी हेदवीकडच्या गावाहून त्याचा थोरला भाऊ आला. कागद बघून म्हणाला, "आमचा बापूस एकटाच. त्याला भाऊच नाय, तर ह्यो चुलतभाऊ आला कुठनं?"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली. डॉक्टर माझ्याकडे भामट्याकडे बघावं तसे बघू लागले. खरं सांगायला तोंड उघडलं, पण खऱ्याचा कागद माझ्याकडे नव्हता. आठवड्याने भावाने त्याला गावी नेलं.

त्याचे कपडे पिशवीत भरून मी एसटीने गेलो. त्याला परत आणायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्याने डाव्या हाताने माझी बाही धरली ती सोडेना. भाऊ वाईट माणूस नव्हता. मला चहा दिला, मग म्हणाला, "आता तो हितंच ऱ्हाणार. घरच्या माणसांत. आज देवळात गाऱ्हाणं घालायचंय, तुमीपन या."

देवळात त्याला खुर्चीवर बसवलं. भावाने माझ्या बाहीवरची त्याची बोटं एकेक करून सोडवली, हळूच. गुरवाने नारळ हातात धरून देवाला साकडं घातलं. त्याला बरं कर, म्हणाला. जमलेले सगळे ओरडले, "होय महाराजा!" त्याची वाचा परत दे. "होय महाराजा!" मीही घसा ताणून ओरडत होतो.

"आनि ह्या लेकराला ह्याच्या घरी, ह्याच्या रक्ताच्या माणसांत, कायमचा ठेव रे महाराजा!"

तो माझ्याकडेच बघत होता. शेजारचे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"होय महाराजा," मी म्हणालो.