माहेरच्या गोठांचा चमचा

साता समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आणि आमच्या कापसाला वेडा भाव आला, त्या सालांतली गोष्ट. घरात चांदी आली की माणसाला जिकडेतिकडे चोर दिसायला लागतात. आमचंही तसंच झालं होतं.

पोराचं उष्टावण जवळ आलं होतं. बायकोच्या मनात एकच होतं, पोरानं पहिला घास तिच्या मेलेल्या आईच्या चांदीतून खावा. आईच्या हातातले जाड गोठ तिच्याजवळ होते. अमरावतीच्या सोनाराकडे तिनं साहेबाचे चमचे पाहिले होते. अकोल्याहून कापूस घ्यायला येणारा तो साहेब, दांड्यावर द्राक्षाचा वेल काढवून घेई. ही म्हणाली, "मले बी चमचाच पाह्यजे. पण वेल नको, फुटलेलं बोंड काढा."

आमच्याकडे चांदी वितळून साच्यात पडेपर्यंत गिऱ्हाईक मुशीवरची नजर काढत नाही. आम्ही दोघं भट्टीपुढे बसलो. हिच्या डोळ्यांत धूर जात होता, पण पदर लावेना. तेवढ्यात साहेबाचा पट्टेवाला चमच्यांची घाई करायला आला, आणि सोनार मूस चिमट्यात धरून आतल्या घरात गेला. परत आला तेव्हा चांदीचं पाणी झालं होतं.

"आत काहून नेली?" हिनं विचारलं.

"अवो वयनी, आतली भट्टी तेज हाय. साहेबाची चांदी बी तिथंच वितळून राहिली."

"मंग कोणाची कोणती, कसं वळखलं?"

"माह्या घरी मुशी बदलत नाईत."

"तुह्या घरी काय काय बदलते थे गावाले ठाऊक हाय," मी म्हणालो. तो हसला. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

चमचा मात्र देखणा झाला. बोंडाच्या पाकळ्या उघडलेल्या, मधे कापसाच्या जागी बारीक ठोके. हिनं घरी आणून तो पारखायला रात्रभर आंबट ताकात बुडवून ठेवला. सकाळी कडेला हिरवट डाग.

आम्ही तसेच सोनाराकडे.

"तांबं घातलं तुमी!"

"घातलं. साहेबाच्या चमच्यांत घालतोच. निखळ चांदी खिरीत वाकते, माय."

"वाकली असती तं वाकली असती! माह्या आईचे गोठ साहेबाच्या ताटात गेले का, थे सांगा."

"देवाची आन, नाई." पण बोलताना तो चमचाच पुसत राहिला, हिच्याकडे पाहिलं नाही.

उष्टावणाला मामानं बोटानं खीर चाटवली. चमचा फडताळात गेला.

वर्षं गेली, पोराला बायको आली. यंदाच्या पोळ्यानंतर ही गेली. जायच्या आधी शेवटचं पाणी पाजायला सुनेनं तोच चमचा आणला. हिनं ओठ घट्ट मिटले.

"अवं, तुह्या आईचाच हाय," मी म्हणालो. खरं बोललो का खोटं, मलाच ठाऊक नाही.

तिनं तोंड फिरवलं. मग मी हातावर पाणी घेऊन ओठांवर सोडलं. ते ती प्याली.