दुपारी झोपवलेला टॉवर

आकाराम चौगुल्यानं उभ्या आयुष्यात एकच टॉवर सांभाळला. जोतिबाच्या डोंगरामागच्या पठारावर तो मोबाईलचा टॉवर उभा आहे. केर्लीतून सकाळी सातला निघायचं, मोटारसायकल जिथवर जाते तिथवर न्यायची आणि पुढं वीस लिटरचा डिझेलचा कॅन खांद्यावर टाकून चढ चढायचा. अशी एकवीस वर्षं गेली. लोकांना वाटतं टॉवर एकदा उभा केला की झालं. कसलं झालं? त्याला जनावरासारखं रोज घालावं लागतं. लाईट गेली की बॅटरी, बॅटरी उतरली की जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. पठारावरची लाईट म्हणजे पाहुणी, आली तर आली. खालच्या सहा वाड्यांचं बोलणं आकारामच्या खांद्यावरून जायचं म्हणा ना. पन्नाशी उलटली तसा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता, पण सांगतो कुणाला? दुसरा माणूस ठेवला की आपण घरी.

त्या पठाराच्या पलीकडच्या अंगाला, खोबणीत, एक वस्ती आहे. तिथं त्याची थोरली बहीण राहायची. नाव तानाबाई, पण घरात-दारात सगळ्यांची आक्काच. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा पृथ्वीराज हैदराबादला नोकरीला. त्यानं दहादा बोलावलं, आकारामनंही केर्लीला चल म्हणून हात जोडले, पण बाई म्हैस सोडून हलायला तयार नाही. टॉवरच्या बुडाशी उभं राहिलं की तिच्या घराची कौलं दिसायची. सरळ उतरायला मात्र वाट नव्हती. गाडीनं वळसा घालून चौदा किलोमीटर.

म्हणून त्या दोघांचं ठरलेलं होतं. रोज दुपारी जेवण झालं, भांडी घासली की आक्का मिसकॉल द्यायची. एक वाजवला तर जेवले, बरी आहे. लागोपाठ दोन वाजवले तर सवड काढून फोन कर. तीन वाजवले तर हातातलं टाकून ये. आकारामनं उलट एक वाजवायचा, म्हणजे कळलं. उचलायचं कुणीच नाही. आता बोलणं फुकट झालंय, रिचार्ज आकारामच मारतोय, तरी आक्काच्या डोक्यात ते शिरेल तर शपथ. एकदा चुकून त्यानं उचलला तर केवढी तापली. उचललास कशाला, पैसं झाडाला लागतात का, म्हणून दिवाळीपर्यंत ऐकवत होती. आणि ती एकटी कुठं होती? सगळ्या वस्तीचाच रिवाज तो. दूधगाडीला एक, भाच्याला दोन, रानातल्या नवऱ्याला जेवण आणलंय म्हणून एक. दुपारभर सगळी वस्ती नुसती वाजवत असायची आणि बोलत कुणीच नसायचं. तीन मिसकॉल आक्कानं नऊ वर्षांत एकदाच दिले होते, म्हैस अडली तेव्हा. तेव्हा आकाराम पस्तीस मिनिटांत दारात होता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर संयोगिता आली. राजारामपुरीत राहणारी, पीएच.डी. करणारी पोरगी. एकदम साधी. त्याला मामा म्हणायची, आणि पहिल्याच दिवशी कॅनला दुसऱ्या बाजूनं हात लावून चढली. तिचा अभ्यास टॉवर खातात किती याचा. तिनं त्याला समजावून सांगितलं, की येणाऱ्या काळात टॉवर दसपटीनं वाढणार, नवं नेटवर्क जुन्यापेक्षा जास्त वीज ओढणार, आणि एवढी वीज आणायची कुठून हे अजून कुणालाच धड सुटलेलं नाही. तेव्हा ज्या वेळी कुणी बोलत नाही त्या वेळी टॉवर झोपवायचा, म्हणजे बंद ठेवायचा. सोलरचं पॅनल बसवायचं, दुपारच्या उन्हात सगळी वीज बॅटरीत भरून घ्यायची, म्हणजे संध्याकाळी गर्दीच्या वेळी जनरेटर लावायलाच नको. कागदावर सगळं सोपं, पण टॉवर झोपवला तर नेमकं कुणाचं अडेल हे शोधणं महाअवघड, असं ती स्वतःच म्हणाली होती.

कंपनीनं तिला आकडे दिले. किती मिनिटं बोलणं झालं त्याचे. बारा ते चार या वेळात रेघ जवळपास जमिनीला टेकलेली. पोरगी प्रामाणिक, नुसत्या आकड्यावर भागवणारी नव्हती. गाडीतून रस्त्यानं फिरून दुसऱ्या टॉवरची रेंज मिळते का तेही बघून आली. रस्त्यावर मिळत होती. खोबणीतल्या घरात जाऊन बघायचं तिच्या ध्यानात आलं नाही. मग तिनं टॉवरखाली बसून आकारामला विचारलं, "मामा, तुम्ही इथले. दुपारी इथं कोण बोलतं?"

खोटं कशाला बोला, आकारामच्या जिभेवर आलं होतं. पण शिकलेल्या पोरीपुढं, टॉवरवाल्याची बहीण अजून मिसकॉल देते म्हणून सांगायची त्याला लाज वाटली. आणि त्या लाजेच्याही खाली दुसरंच काहीतरी होतं. डिझेल लागणार नाही म्हणजे कॅन वाहायचा नाही. आठवड्यात सहा कॅन जिथं जायचे तिथं एक जाणार होता. "दुपारी कोन बोलतंय, सगळी रानात असत्यात," असं तो म्हणाला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

जानेवारीत टॉवर दुपारचा झोपायला लागला. पहिल्याच दिवशी मिसकॉल आला नाही तेव्हा, सगळं माहीत असूनसुद्धा, आकाराम गाडी काढून चौदा किलोमीटर गेला. आक्का पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. ती त्यालाच म्हणाली की मी तर कवाच दिला, तुझ्याच डबड्याला काय झालंय बघ. त्यानं टॉवर झोपवल्याचं सांगितलं तशी ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, लोखंडाला बी दुपारची डुलकी लागती व्हय, मला मेलीला ती कधी मिळायची? मग दोघांनी ठरवलं, चारनंतर द्यायचा.

पण चारनंतर तिची धारेची गडबड. कधी द्यायची, कधी विसरायची, कधी सातला आठवलं तर द्यायची. आकाराम सुरुवातीला कासावीस व्हायचा. दोन-तीनदा नुसताच हेलपाटा झाला, आणि दरवेळी ती म्हशीपाशी धडधाकट उभी. बायकोनं हटकलं, असं रोज पळायला लागलासा तर पेट्रोलपेक्षा डिझेल बरं. मग हळूहळू त्याचं पळणं थांबलं. पूर्वी दीड वाजून गेला आणि फोन वाजला नाही की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आता फोन गप्प असला तर तो म्हणायचा, विसरली असंल. गुडघाही बरा होता. झोपही चांगली लागत होती.

मार्चमधला बुधवार होता. आकाराम टॉवरवर पॅनलं पुसत होता. दुपारी त्यानं सावलीला बसून भाकरी खाल्ली. समोर आक्काची कौलं दिसत होती. संध्याकाळी मिसकॉल आला नाही. रात्रीही नाही. सकाळी त्यानं एक वाजवला, आज जरा जास्त वेळ वाजू दिला. तिनं उचलला नाही. पण ती उचलतच नाही, तेव्हा त्यात नवल ते काय? तो चहा प्यायला बसला.

दहाच्या सुमाराला शेजारच्या बायडाबाईचा फोन आला. एकदा वाजला, दोनदा वाजला, थांबेचना. वस्तीवरचा फोन असा कधी वाजत राहत नसे. त्यानं उचलला. बायडाबाई आदल्या दिवशी लेकीकडं वारणानगरला गेलेली, सकाळी परत आली तर आक्काची म्हैस रेकून रेकून घसा बसलेली.

आक्का गोठ्यात पडली होती, जीव कधीच गेलेला. शेणावरून पाय घसरला आणि दावणीच्या दगडावर आपटली. मांडीचं हाड खुब्यात मोडलेलं, डोक्याला मार. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त सावकाश साठत गेलं, दोन-तीन तास तरी शुद्धीत असतील, वेळेवर आणलं असतं तर सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे काय, ते आकारामला चांगलं कळलं. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. ती त्याची आईच होती. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि आक्का वीसची. लगीन लांबवून तिनं त्याला वाढवला होता.

तिचा बटणांचा फोन बायडाबाईनं गोठ्यातल्या गव्हाणीखालून काढून दिला. चौथ्या दिवशी आकारामनं तो चार्ज करून बघितला. लावलेल्या फोनांच्या यादीत त्याचंच नाव खालपर्यंत. बुधवारी एक वाजून सतरा मिनिटांनी तीन. पावणेदोनला तीन. अडीचला तीन. तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दोन. तिसरा नव्हता. टॉवर चारला जागा झाला.

तो फोन खिशात घालून तो तसाच राजारामपुरीला संयोगिताच्या घरी गेला. तिला काही माहीत नव्हतं. मामा आले म्हणून ती आनंदानं सांगायला लागली, डिझेल किती वाचलं, तीन महिन्यांत एकही तक्रार नाही, एकही कॉल तुटलेला नाही. आकारामनं फोन तिच्यापुढं ठेवला आणि जे होतं ते सांगितलं. पोरगी पांढरीफटक पडली. तिनं कॉम्प्युटरवर तो बुधवार काढला. बराच वेळ खाली-वर बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मामा, यातलं एकपण इथं नाही. टॉवरपर्यंत पोचलं तर मोजलं जातं. झोपलेल्या टॉवरला कोण हाका मारतंय, ते कुठंच उमटत नाही."

तिला रडू आवरेना. मिनिटं मोजली, वाजवणं मोजलंच नाही, माझी चूक, मी वस्तीत जायला पाहिजे होतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायला लागली. आकारामनं तिला मध्येच थांबवलं.

"तुमाला ठावं नव्हतं, मॅडम. मला ठावं हुतं. मला कॅन उचलायचा कटाळा आलता, म्हणून मी बोललो न्हाय."

संयोगिता उठून आत गेली. तिनं पाणी आणून दिलं, ते त्यानं घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला लिहून प्रयोग बंद करायला लावला. झालेलं सगळं प्रबंधात मांडणार, असं तिनं त्याला फोन करून सांगितलं. त्यानं बरं म्हटलं.

बाराव्याला वस्तीवर मांडव घातला होता. दीडशे माणूस जेवून उठलं. पाहुणे पडवीत बसले असताना पृथ्वीराज सगळ्यांसमोर आकारामपुढं आला आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तेव्हा त्याचे डोळे भरून आलेले. म्हणाला, "मामा, मी एवढ्या लांब राहिलो, पर एक दिवस काळजी केली न्हाय. तुमी रोज आईची खबर घेत हुता."

माणसं माना डोलवायला लागली. भाऊ असावा तर असा, म्हणून कुणीतरी बोललंही. तोंड उघडायची हीच वेळ आहे, हे आकारामला कळत होतं. भाच्याचे दोन्ही हात त्याच्या हातात होते. त्यानं ते धरून ठेवले, आणि तो काहीच बोलला नाही.