अट म्हणजे अट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या उमेशला — माझ्या नवऱ्याला — तर नाहीच नाही. मग तुला का सांगतेय? ठाऊक नाही. कदाचित तू मध्ये बोलणार नाहीस म्हणून. पण एक आधीच सांगून ठेवते, मी काही फार गोड बाई नाही. पुण्याची आहे, चूक माझी असली तरी सॉरी समोरच्याकडून वसूल करते. तेव्हा हे सांगतानाही मी मधूनमधून निसटायला बघेन. लक्ष ठेव.

थंडीपासून सुरू करते. थंडीबद्दल बोलणं सोपं असतं.

आम्ही ऑस्ट्रेलियात आलो ते रीजनल व्हिसावर. म्हणजे तीन वर्षं मोठ्या शहरांपासून लांब काढायची, मग पीआर, कायमचं राहायचा परवाना. मी सिव्हिल इंजिनियर, व्हिसा माझ्या नावावर, उमेश माझ्यामागून आलेला. मला नोकरी लागली ती डोंगरावरच्या एका लहानशा गावात, तिथल्या काउन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, पाण्याच्या पाइपलाइन्स बघायची. गावाचं नाव राहू दे. मेंढ्या, बटाट्याची शेतं, एक मुख्य रस्ता, एक पब. ऑस्ट्रेलिया म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे समुद्र आणि ऊन येतं ना? आमच्याही आलं होतं. उमेश मालवणचा. निघताना त्याने चार हाफ पँटी जास्तीच्या भरल्या होत्या.

आणि तिथे सकाळी नळ गोठलेला! गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा — पहिल्याच आठवड्यात उमेशने त्यावर उकळतं पाणी ओतलं आणि काच तडकली. घर लाकडी, फटींतून वारा यायचा. एका खोलीत लाकडं जाळायची शेगडी, ती खोली सोडली तर बाकीचं घर म्हणजे फ्रीज. खोबरेल तेलाची बाटली जवळजवळ बारा महिने दगड. इडलीचं पीठ फुगेना, म्हणून उमेश ते पातेलं इलेक्ट्रिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून आमच्या दोघांच्या मध्ये झोपवायचा. ‘हळू कूस बदल गं, बाळ उठेल,’ म्हणायचा. मी हसून हसून मरायचे.

बघ, निसटले. मजेमजेच्या गोष्टी सांगत बसले. तिथे राहिलेल्या कुणालाही विचार, तो तुला लाकडाचा खर्च सांगेल, विजेचं बिल सांगेल. मी त्या खर्चाबद्दल बोलत नाहीये.

उमेश पुण्यात दात बनवायचा. डॉक्टर नव्हे हं — डॉक्टर माप घेतो, आणि मग लॅबमध्ये कुणीतरी बसून तो दात घडवतो, तो कुणीतरी म्हणजे उमेश. पोर्सिलेनची पूड पाण्यात कालवायची आणि बारीक ब्रशने एकेक थर चढवायचा. कुठे जरा पिवळसर, कुठे टोकाला पारदर्शक. ‘शेजारच्या दाताला पत्ता लागता कामा नये की हा नवीन आलाय,’ असं म्हणायचा. लग्नाआधी मी एकदा त्याच्या लॅबमध्ये गेले होते. तो मान खाली घालून काम करत होता आणि मी दारातून त्याचे हात बघत होते. मी त्याच्या प्रेमात पडले ती त्या दारात — आता हे लाजत सांगण्याचं माझं वय नाही, पण खरं आहे ते आहे.

आमच्या त्या गावात डेंटल लॅब कुठली असायला? उमेश बटाट्याच्या शेडमध्ये लागला. धुतलेले बटाटे पट्ट्यावरून सरकायचे, त्यातले कुजके वेचून काढायचे. पत्र्याची शेड, फोर्कलिफ्टसाठी दोन्ही दारं सताड उघडी, हातमोजे पहिल्या पाच मिनिटांत ओलेचिंब. ‘दात नाही तर बटाटे,’ म्हणायचा, ‘दोन्हीतले किडके काढायचेच.’

पहिल्याच हिवाळ्यात त्याची बोटं पांढरी पडायला लागली. मेणासारखी, पांढरीफटक. मग निळी व्हायची, मग लाल, आणि मग असा ठणका लागायचा की तो शेगडीपुढे बसून ओठ चावायचा. मला दिसत होतं. लिहून घे — मला दिसत होतं.

आणि माझं काय चाललं होतं? माझं उत्तम चाललं होतं. थंडीत पाइप फुटतात ना. पाइप फुटला की फोन मला यायचा. पुण्यात साइटवर मला ‘मॅडम, उन्हात कशाला येताय, ऑफिसात बसा’ म्हणायचे. इथे मोठाले दाढीवाले बाप्ये चिखलात उभे राहून माझी वाट बघायचे, मी बोट दाखवेन तिथे खणायचे. काउन्सिलची गाडी माझ्या दारात. दुकानात लोक म्हणायचे, ‘गुड ऑन या, मेट.’ जी थंडी त्याची बोटं खात होती, तिच्यामुळे मी कुणीतरी झाले होते. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणू? नको. कळत होतं.

आता शिल्पा. शिल्पा इंजिनियरिंगला माझ्या वर्गात होती. चार वर्षं तिने माझ्या ड्रॉइंग शीट्सची जीटी मारली. जीटी म्हणजे काचेखाली दिवा लावायचा, वर दुसऱ्याची शीट ठेवायची आणि तिच्यावरून आपली गिरवायची. सबमिशनच्या आदल्या दिवशी रडत यायची आणि मी शीट द्यायचे, वर चार शब्द सुनवायचे. ती शिल्पा डार्विनला होती, ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, चांगल्या मोठ्या हुद्द्यावर. पहिला हिवाळा संपता संपता, एका रविवारी दुपारी तिचा फोन आला.

‘अगं, तुमच्या व्हिसावर डार्विन चालतं! ती तीन मोठी शहरं सोडली तर कुठेही राहा. माझ्या टीममध्ये जागा आहे, डायरेक्ट माझ्याखाली. ये ना, धमाल करू.’

माझ्याखाली. तिच्या मनात काही नव्हतं गं, ती बिचारी आपली जुनी मैत्रीण मिळणार म्हणून खूश होती. पण माझ्या कानात तेवढा एकच शब्द राहिला. हिच्या खाली? जिला साधा जिना काढता येत नव्हता, तिची सही लागणार माझ्या कामावर? मी म्हटलं, ‘थँक्यू गं, पण आम्ही इथे मस्त सेटल झालोय.’ आणि फोन ठेवला.

उमेश शेगडीशी बसला होता. लाकडं ओली होती, पेटत नव्हती, तो वाकून फुंकर घालत होता. विचारलं, ‘कोण होतं?’

‘शिल्पा. डार्विनला असते.’

‘डार्विन!’ तो तसाच उकिडवा माझ्याकडे वळला. डोळ्यांत धूर गेला होता, पण चेहरा काय खुलला होता म्हणून सांगू. ‘तिथे म्हणे वर्षभर घामाच्या धारा. आपल्या मालवणासारखं. आपल्याला नाही का गं जाता येणार?’

इथे मी थांबू शकले असते. खरं सांगायचं होतं, निदान ‘बघते’ म्हणायचं होतं. ‘बघते’ला काय लागतं?

मी म्हटलं, ‘नाही. व्हिसाची अट आहे. पीआर होईपर्यंत याच गावात राहायचं.’

हा तो कबुलीजबाब. इतकाच आहे. त्याने एकदा मान हलवली, ‘मग काय, अट म्हणजे अट,’ म्हणाला आणि पुन्हा शेगडीत फुंकर घालायला लागला.

तुला वाटेल, त्याने स्वतः का नाही शोधलं? शिकलेला माणूस, हातात फोन. पण आमच्यात वाटणी ठरलेली होती — मासे त्याचे, कागदपत्रं माझी. मासे घेताना त्याने मला कधी ‘ताजे आहेत ना’ विचारू दिलं नाही, आणि मी सांगितलेला नियम त्याने कधी उघडून पाहिला नाही. याला मी त्याचा भोळेपणा म्हणत आले. भोळेपणा कसला? विश्वास होता तो.

आणि खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज खाऊ घालावं लागतं. उमेशच ते काम करायचा, हे सगळ्यात वाईट. मालवणहून त्याच्या आईचा फोन आला की मी स्वयंपाकघरात उभी असायचे आणि तो तिकडे सांगायचा, ‘ती बिचारी काय करतली, आये? व्हिसाची अट आसा.’ माझी बाजू घ्यायचा. दर वेळी.

दुसऱ्या हिवाळ्यात बोटांना जखमा झाल्या. तिसऱ्यात त्या भरेनात. गावात एकच डॉक्टर, म्हातारा, सज्जन माणूस. त्याने बोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. स्पेशालिस्ट सिडनीत, त्याची तारीख मिळायला महिनोन् महिने, हे त्यानेच सांगितलं. मग म्हणाला, औषधं देतो, पण खरा उपाय म्हणजे हवा बदला. कुठे उबदार ठिकाणी जाता येईल का तुम्हाला?

उमेश हसला. ‘नो, मेट. व्हिसा कंडिशन.’

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याच खुर्चीत होते, उमेशचं जाकीट मांडीवर घेऊन. शेगडीपुढे जे बोलले ते एका शब्दाच्या रागात बोलले, असं तू एक वेळ म्हणशील. पण इथे? इथे कसला राग होता? तोंड उघडलं असतं तर ती बोटं कदाचित वाचली असती. पण मग मला सांगावं लागलं असतं की दोन वर्षं मी खोटं बोलत होते. माझी लाज एका बाजूला आणि त्याचे हात दुसऱ्या. मी डॉक्टरकडे बघून मान हलवली — हो, कंडिशन आहे.

पीआर झालं. उमेशने शेडमध्ये सगळ्यांना गुलाबजाम वाटले. आम्ही सिडनीला आलो, टूनगॅबीत घर घेतलं. इथे थंडी पडते, पण माणसांना झेपेल एवढी. वेस्टमीडजवळच्या एका लॅबमध्ये त्याला ट्रायलला बोलावलं. नवा शर्ट घातला, पुण्याहून आणलेले ब्रश कापडात गुंडाळून बरोबर घेतले. मी कार पार्कमध्ये थांबले. तो दुपारपर्यंत आत असेल असं धरून मी डबासुद्धा आणला होता. पण तो लवकर आला. दोन्ही हात खिशात. गाडीत बसला, सीट बेल्ट लावला आणि म्हणाला, ‘ब्रश कुठे टेकला तेच कळत नाही गं.’

तो रडला नाही. मी रडले. आणि त्याने मला थोपटलं. ‘अगं, तुझी काय चूक? अट म्हणजे अट.’

आता तो बस चालवतो. त्याच्या रूटवरच्या म्हाताऱ्या बायका त्याला घरी केलेले लॅमिंग्टन केक आणून देतात. तो सुखी आहे का, असं विचारू नकोस. ते ब्रश अजून त्याच कापडात आहेत.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक जोडपं जेवायला आलं होतं, नुकतंच पुण्याहून आलेलं, त्याच व्हिसावर. ओंकार आणि त्याची बायको. उमेश नेहमीसारखा त्यांना शहाणपण शिकवत होता — गाव निवडताना थर्मामीटर बघा, एकदा अडकलात की तीन वर्षं सुटका नाही. ओंकार म्हणाला, ‘नाही दादा, तसं नसतं. कुठल्याही रीजनल एरियात हलता येतं. माझा मित्र आत्ताच डार्विनला गेला.’

माझ्या हातात सोलकढीचं भांडं होतं. मी ते ठेवलंही नाही आणि वाढलंही नाही. उमेश ओंकारकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मग तो म्हणाला, ‘आमच्या वेळी नियम वेगळे होते. नाही का गं?’

मी म्हटलं, ‘हो.’

पुन्हा. कळतंय ना तुला? एवढं सगळं झाल्यावर, पुन्हा. नियम तेव्हाही हेच होते. त्याने ओंकारच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला आणि गप्पा क्रिकेटवर गेल्या. त्याला कळलंय का? त्याने मला विचारलं, की मला वाचवलं? तेव्हापासून तो वेगळं काही वागलेला नाही, आणि विचारायची माझी छाती होत नाही.

एक राहिलं. त्याच्या बोटांना आता गरम-गार कळत नाही. मध्ये एकदा तवा नुसत्या हाताने उचलला होता, वास आल्यावर लक्षात आलं. म्हणून रोज संध्याकाळी भांडी घासायला उभा राहिला की सिंकमध्ये पाणी सोडतो आणि मला हाक मारतो, ‘बघ गं, कढत नाही ना?’ मी जाते, पाण्यात बोट बुडवते.

‘नाही,’ म्हणते. तो दोन्ही हात आत घालतो.