खजुरीत वाटलेले पेढे

समोर संगणक चालू असतानाही सुजाताक्का डब्यातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्या त्या आकड्याची चौकट वहीत पेन्सिलीनं काळी करायच्या. मी तिथं नवी होते. मला हसू आलं.

"हसायलीस कामून? हातानं भरल्याबिगर कळत न्हाई."

कलबुर्गीच्या एका कॉलेजात आम्ही दोघी एकाच सरांकडे संशोधन करत होतो. काळ्या चौकटी एकमेकींना चिकटून पुंजके होतात, पुंजक्याला पुंजका जुळतो आणि एका क्षणी एकच पुंजका या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचतो. चौकटी चौकोनी असोत की तिकोनी, त्या क्षणाजवळ पुंजके वाढण्याचा नियम एकच. अक्कांच्या आकड्यांत मात्र वेगळाच नियम दिसत होता. पाच वर्षांच्या कामातून तो निघाला होता. त्यावरचा लेख एका नियतकालिकानं स्वीकारला, तेव्हा सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

त्याच आठवड्यात मी शिकण्यासाठी त्यांचा संगणकावरचा प्रोग्रॅम चौकटींच्या छोट्या जाळीवर चालवला आणि हातानं ताळा केला. जुळेना. कडेला टेकलेला पुंजका प्रोग्रॅम दोनदा मोजत होता.

मी तीन दिवस गप्प राहिले. माझंच चुकलं असेल, अशी मनाची समजूत घालत राहिले. चौथ्या दिवशी वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं.

"कधी दिसलं तुला?"

"सोमवारी, अक्का."

त्यांचा चेहरा उतरला. "मंगळवारी मी अप्पाला फोन केले. बुधवारी त्यांनी खजुरीच्या विहारात सगळ्यांना पेढे वाटले."

त्यांचे वडील पूर्वी खजुरीहून येऊन इथल्या डाळमिलमध्ये पोती उचलायचे; आता गावीच असायचे. त्यांच्या घरात दहावीपुढं गेलेल्या त्या पहिल्याच.

सर म्हणाले, "छापून येऊ दे, नंतर बघू." अक्कांनी त्यांच्यासमोरच लेख मागे घेतल्याची मेल पाठवली. "खोटं हाय हे कळल्यावर कसं छापू, सर?" दुरुस्त आकड्यांतून जुनाच नियम निघाला. संशोधनाची मुदत संपली, शिष्यवृत्ती थांबली, प्रबंध राहिला. चिटगुप्प्याच्या एका शाळेत त्यांना नोकरी मिळाली.

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. पिशवी वर दिली, माफी मागितली.

"चूक माझी होती," खिडकीतून त्या म्हणाल्या. "ती दाखवलीस, बरं केलीस. पण ते तीन दिवस तू माझ्या डब्यातली भाकरी खात होतीस की गं."

बस निघाली. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.