काकांनी न पुसलेला जुना पत्ता

मोहने गावचे आमचे काका कुठलंही मशीन बंद करायला भ्यायचे. बटणावर बोट ठेवून थांबायचे आणि विचारायचे, “परत उठेल ना?” कुणाला विचारायचे, देव जाणे. ऑफिसातला पंखासुद्धा त्यांनी कधी स्वतः बंद केला नाही. ठाण्यातल्या एका रुग्णालयाच्या सर्व्हर रूमचे ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. मी डोंबिवलीची, जिभेला हाड नाही. मी म्हणायचे, काका, तुम्ही विमा एजंट व्हायला हवं होतं. ते हसायचे, पण बोट तिथंच.

या भीतीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील मोहन्यातल्या कारखान्यात कामाला. तो बंद पडला तेव्हा सगळे म्हणाले, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. वडील रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटपर्यंत जाऊन यायचे. कितीतरी वर्षं. हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते.

म्हणूनच की काय, ते प्रत्येक गोष्टीत एक जादा सोय करून ठेवायचे. घराची एक किल्ली शेजारी, एक बहिणीकडे, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. “मागं फिरायला जागा असावी गं,” म्हणायचे. मला या स्वभावाचं कौतुक वाटायचं आणि वैतागही यायचा.

मग नवं स्टोरेज, म्हणजे डिस्क ठेवायचं नवं कपाट, आलं. सर्व्हर सुरू होताना ज्या डिस्कवरून जागा होतो ती बूट डिस्क. आमच्या सर्व्हरच्या या डिस्क त्यांच्या पोटात नव्हत्या, एका मोठ्या सामाईक कपाटात होत्या, आणि ते कपाट म्हातारं झालेलं. प्रत्येक डिस्कची नक्कल नव्या कपाटात करायची, सर्व्हरला डिस्कचा नवा पत्ता द्यायचा, जुना पुसायचा, की झालं. काका निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या कंत्राटावर होते. हे काम नीट झालं तर कंत्राट वाढेल, असं साहेब म्हणालेले. काकांना घरी बसायची धास्ती होती. वडिलांना बसलेलं पाहिलं होतं ना.

त्यांनी सगळं चोख केलं, फक्त जुने पत्ते पुसले नाहीत. नवा नाहीच सापडला तर बिचारा जुन्यावरून तरी उठेल, म्हणाले. मी कुरकुर केली, पण मलाही त्यात धोका दिसला नाही. आणि झालं तसंच. लॅबच्या सर्व्हरला नवा पत्ता सापडला नाही, त्यानं मुकाट्यानं जुना धरला. स्क्रीन आली, रिपोर्ट निघाले, आम्ही खूश. तो कुठल्या कपाटावरून उठलाय हे बघायचं कुणालाच सुचलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी जुनं कपाट बंद केलं आणि लॅबचा सर्व्हर आडवा झाला. कपाट परत लावून पाहिलं, तेही उठेना. नव्या नकलेवरून सर्व्हर उभा करेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर लॅबवाले हातानं रिपोर्ट लिहीत होते आणि एका बाईंचं ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टसाठी अडकलेलं. त्यांचा मुलगा आमच्या दाराशी येऊन काकांना म्हणाला, “तुमच्या मशीनसाठी माझ्या आईनं किती थांबायचं?” ऑपरेशन उशिरा का होईना, नीट झालं. काका मात्र त्यातून सावरले नाहीत.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, जुना पत्ता कुणी ठेवला? मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, “मी. विचार करून ठेवला.” कंत्राट वाढलं नाही. आयुष्यभर राबलेल्या माणसाला असं काढतात? माझं डोकं फिरलं. मी साहेबांशी तावातावानं भांडले, पण काही उपयोग झाला नाही.

शेवटच्या दिवशी काकांचं लॉगिन काढायचं काम माझ्याकडेच आलं. मी ठरवलेलं की पुसायचं नाही, नुसतं थांबवून ठेवायचं. साहेबांचं डोकं ठिकाणावर आलं तर लगेच चालू करता येईल. तसं मी काकांना सांगितलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे होते.

“नको गं,” ते म्हणाले. “पुसून टाक. नाहीतर मी रोज तुझ्या फोनची वाट बघत बसेन.”

मी पुसलं. मला रडू आवरेना. काकांनी वाकून स्क्रीन नीट पाहिली, आपलं नाव खरंच गेलंय याची खात्री करून घेतली आणि मग पिशवी उचलली.