पाय माझा, सही कुणाची

काल नातीच्या हाताला प्लास्टर घालताना ओल्या चुन्यासारखा वास आला आणि कलकत्त्यातली पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. एस्प्लनेडला ट्रॅममधून उतरताना पडले आणि घोट्याचं हाड मोडलं. मागून उतरलेल्या एका अनोळखी बंगाली गृहस्थांनी मला हातरिक्षात बसवून इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "भूल देऊन हाड बसवावं लागेल. नवऱ्याची सही हवी." नवरा ऑफिसच्या कामाने दिल्लीला गेलेला. "पाय माझा आहे, मीच सही करते," मी म्हटलं. "बाईची सही चालत नाही." दोन तास मी बाकावर कण्हत बसले. घोटा टम्म सुजून काळानिळा पडला, बोटं बधिर झाली. शेवटी तिथला कारकून त्या गृहस्थांना म्हणाला, "तुम्हीच भाऊ म्हणून सही करा ना!" डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. त्या गृहस्थांचे उपकार मी आजही मानते, पण त्या कागदाची चीड अजून गेलेली नाही. कारण सही करण्याआधी माझ्या त्या भावाने ओशाळून मला विचारलं होतं, "दीदी, आपनार नाम?"